आजीच्या रक्ताचा रिपोर्ट

आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या रक्ताच्या कागदाबद्दल बोलू. लॅबवाला देतो तो कागद. बहुतेक घरांत तो रेशनकार्डाच्या पिशवीत घडी होऊन पडलेला असतो. आम्ही बचत गटाच्या कामाला गावोगाव जातो. हप्ते झाले, कर्जाच्या सह्या झाल्या, की कुणीतरी ती पिशवी उघडतंच. "ताई, तुम्ही शिकलेल्या. बघा बरं सासूबाईंच्या कागदावर काय लिव्हलंय." आम्ही डॉक्टर नाही, आणि औषध सांगणं आमचं काम नाही. पण कागदावरचे आकडे कशाचे आहेत आणि डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा, एवढं समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. जवळ असेल तर कागद हातात घेऊनच ऐका.

कागदावर तीन रकाने असतात. पहिल्यात तपासणीचं नाव, दुसऱ्यात आपला आकडा आणि तिसऱ्यात हद्द, म्हणजे इथपासून इथपर्यंत असलं तर चालतं. आकडा हद्दीबाहेर गेला की तो जाड छापतात किंवा त्याला चांदणी काढतात. चांदणी दिसली की घरात रडारड सुरू होते. ही हद्द ठरते कशी, ते आधी बघा. निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि बहुतेक तपासण्यांत शंभरातल्या मधल्या पंच्याण्णव जणांचे आकडे जिथे येतात ती हद्द धरतात. म्हणजे धडधाकट शंभर जणांतसुद्धा पाच जण हद्दीबाहेर दिसणारच. आता एकाच वेळी साठ-सत्तर तपासण्यांचं 'पॅकेज' केलं, तर चांगल्या माणसाच्या कागदावरही दोन-तीन चांदण्या निघतात. मग त्या चांदण्यांसाठी पुन्हा तपासण्या आणि पुन्हा खर्च. गावात गाडी आणून स्वस्तात सत्तर तपासण्या करून देणारे येतात, तेव्हा हे ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला चार-सहा कामाच्या तपासण्या वेळच्या वेळी झाल्या तरी पुष्कळ आहे.

पहिली हिमोग्लोबिन, ज्याला आपण 'रगत' म्हणतो. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असलं तर रक्त कमी धरतात. ८ च्या खाली गेलं तर फारच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी निघालं. पण ही मोजणी ४९ ला थांबते. पन्नाशी-साठीच्या बाईचं रक्त कमी असलं तर ती त्या आकड्यात नाही, आणि घरातही कुणी लक्ष देत नाही. "वय झालं, आता अशक्तपणा यायचाच," असं म्हणून सोडून देतात. वयानं थोडी ताकद कमी होते हे खरं, पण हिमोग्लोबिन ७ वर येतं ते नुसत्या वयानं नाही. त्याला काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

इथे आपल्या बीडची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणींचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं. त्या बाया आता हळूहळू पन्नाशीकडे चालल्या आहेत. आता नीट ऐका. पाळीत रक्त जातं म्हणून बाईचं हिमोग्लोबिन कमी, असं आपण मानतो. पण जिची पाळीच बंद आहे, पिशवी काढल्यामुळे असो की वयामुळे, तिचं रक्त अजून ८-९ वर अडकलंय तर ते जातं कुठे? की बनतच नाही? हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचाच. पोटात जखम असू शकते, मूळव्याध असू शकते, आतड्यात गाठ असू शकते, बी-१२ कमी असू शकतं, मूत्रपिंड दमलेलं असू शकतं. नुसती लाल गोळी आणि एक सलाईन घेऊन घरी यायचं नाही. सलाईन म्हणजे मिठाचं किंवा साखरेचं पाणी, त्यानं रक्त वाढत नाही. हे आम्ही दर बैठकीत सांगतो आणि तरी पुढच्या महिन्यात कुणीतरी सातशे रुपयांची सलाईन लावून आलेलीच असते.

पिशवीबरोबर ज्यांचे अंडाशयही काढले, त्यांची आणखी एक बाजू आहे. अंडाशयातून जो रस रक्तात जातो तो हाडांना आणि हृदयाच्या नसांना सांभाळतो. तो पस्तिशीत बंद झाला तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयाच्या दुखण्याचा धोकाही लवकर येतो. म्हणून अशी बाई पंचेचाळिशीची असली तरी तिची तपासणी साठीच्या बाईसारखी करायची. अंडाशय काढले की नुसती पिशवी, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद शोधून रक्ताच्या कागदासोबत ठेवा.

हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींत 'एमसीव्ही' असा एक आकडा असतो. ते रक्तातल्या लाल पेशीचं माप आहे. पेशी बारीक असली तर बहुधा लोह कमी, मोठी असली तर बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी असण्याची शक्यता. म्हणजे रक्त का कमी आहे याचा पहिला धागा त्याच कागदावर असतो. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहासोबत घेऊ नका, मागेपुढे तासभर चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा पेरू सोबत असला तर चांगलं. या गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. पण गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट होत असेल, तर पोटात रक्त जातंय असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता शुगर. आयसीएमआरची २०२३ साली जी पाहणी आली, तिच्यात देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं सांगितलं आहे. "आमच्या घरात सगळे काटक, आम्हाला कशाला शुगर होईल?" असं आपल्याकडे म्हणतात. याच्यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर काम केलं आहे. त्यांचा आणि त्यांच्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो जगभर दाखवतात. दोघांची उंची-वजनाची मोजणी सारखीच, २२.३. पण इंग्रज माणसाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी नव्वदच्या दशकात गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला, त्यात आपली कमी वजनाची बाळंही अशीच निघाली: मांस कमी, चरबी टिकून. आईच्या पोटात उपास घडलेल्या मुलाला मोठेपणी शुगर आणि बीपीचा धोका जास्त असतो, असं अशा अभ्यासांतून दिसलं. बहात्तरच्या दुष्काळात पोटात असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. खडी फोडलेल्या आयांची ती लेकरं. तेव्हा अंग बारीक आहे म्हणून तपासणी टाळू नका.

आकडे असे. रात्रीपासून उपाशीपोटी, म्हणजे कमीत कमी आठ तासांनी घेतलेली शुगर १०० च्या आत चांगली, १२६ किंवा वर गेली तर मधुमेह. मधले लोक कुंपणावर बसलेले. दुसरी तपासणी 'एचबीएवनसी' म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. ती ५.७ च्या आत चांगली, ६.५ किंवा वर मधुमेह. माणसाला काही त्रास नसेल तर एकाच कागदावरून शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीनं खात्री करतात. बोटाला टोचून मशीनवर बघतात ती नुसती चाळणी, तिच्यावर थांबू नका.

तीन महिन्यांच्या सरासरीत आपल्या बायांसाठी एक मेख आहे, आणि ती फार कमी जणींना माहीत असते. ही तपासणी लाल पेशीला किती साखर चिकटली ते मोजते. पेशी साधारण तीन-चार महिने जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशेब. लोह कमी असलं की पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट नुकतंच रक्त गेलं असेल किंवा बाटली चढवली असेल तर कमी दिसतो. म्हणजे ज्या बाईचं हिमोग्लोबिन ८ आहे, तिचा हा आकडा एकट्यानं विश्वासाचा नाही. तिची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरही बघायला लागते. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे एकदम ठेवा. शुगरचा कागद एका दवाखान्यात आणि रक्ताचा दुसऱ्या, असं झालं की ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात येत नाही.

आणि म्हाताऱ्या माणसाची शुगर फार खाली आणायची घाई नको. तरण्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी ७ च्या आत ठेवायला सांगतात. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, थकलेल्या आजीला डॉक्टर ८ पर्यंतही सूट देतात, कारण शुगर जास्त असण्यापेक्षा एकदम कमी होणं तिला जास्त घातक. गोळी घेतली आणि एकादशी धरली, की दुपारी घाम, थरथर, बरळणं. आषाढी आणि श्रावणात हे हमखास घडतं. उपास करू नका असं आम्ही म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही. पण उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण सगळ्याच गोळ्या शुगर खाली पाडत नाहीत. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, उचलून दवाखान्यात न्या.

आता क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी. इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान या ओळीकडे दुर्लक्ष केल्यानं होतं. क्रिएटिनिन म्हणजे मांसाचा कचरा. स्नायूंतून तो रोज निघतो आणि मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं. साचला तर समजायचं की गाळणी बिघडली. पण अंगावर मांसच कमी असलं तर कचराही कमीच निघणार. पंचवीस वर्षांच्या पोराचं क्रिएटिनिन १.१ आलं तर त्याची गाळणी शंभराच्या जवळपास काम करते, हिशेबात ९५ च्या आसपास. तेच १.१ सत्तर वर्षांच्या आजीचं आलं तर तिची गाळणी ५४ वर आलेली असते. कागदावर चांदणी नाही, लॅबवाला म्हणतो 'नॉर्मल', आणि इकडे निम्मं काम थांबलंय. म्हणून 'ईजीएफआर' नावाचा आकडा बघा. नसेल तर डॉक्टरांना काढायला सांगा. वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढ्यावर तो निघतो, नवा पैसा लागत नाही. तीन महिने सलग ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचं जुनाट दुखणं धरतात. शुगर आणि बीपीवाल्यांनी लघवीतला 'अल्ब्युमिन'ही वर्षातून एकदा तपासावा. बिघाड रक्तात दिसण्याआधी बहुधा लघवीत दिसतो.

गाळणी बिघडते कशानं? शुगरनं आणि बीपीनं, हे सगळे सांगतात. आम्ही तिसरं सांगतो: दुखण्याच्या गोळ्या. उसाच्या फडात पहाटेपासून वाकून तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकात चढायचं, आणि कंबर मोडली की किराणा दुकानातून पुडीतल्या दोन गोळ्या. एक लाल, एक पांढरी, नाव माहीत नाही. किंवा 'सुई'. तोडणी सुटून दहा वर्षं झाली तरी सवय सुटत नाही, कारण गुडघे दुखतच असतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. त्यात उन्हाळा, पाणी कमी, वर बीपीची गोळी चालू असेल, तर नुकसान चार दिवसांतही होतं. याच गोळ्यांनी पोटाला आतून जखम होते आणि रक्त झिरपत राहतं. मघाशी हिमोग्लोबिनचा प्रश्न विचारला होता ना, ते जातं कुठे? कित्येकदा इथे जातं. म्हणजे कंबरेची पुडी एकीकडे रक्त कमी करते आणि दुसरीकडे गाळणी. पॅरासिटामॉल ठरलेल्या मापात घेतली तर मूत्रपिंडाला त्यामानानं सोपी. डॉक्टरांकडे जाताना खाल्लेल्या पुड्यांचे रिकामे कागद सोबत न्या, लाजू नका. आणि नाव न छापलेली गोळी कुणी दिली तर घेऊ नका.

बीपी रक्ताच्या कागदावर दिसत नाही, हे सांगून टाकतो, कारण "रक्त तपासलं, सगळं बरं आहे" म्हणून लोक निर्धास्त होतात. ते दंडाला पट्टा बांधूनच कळतं. १४० वर ९० किंवा जास्त वारंवार आलं तर बीपी. डोकं दुखत नाही म्हणून बीपी नाही, असं नसतं. पुष्कळांना काहीच होत नाही, आणि एक दिवस एक बाजू लुळी पडते. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, यापेक्षा जास्त नको. आपला खर्डा, लोणचं, पापड धरून. आणि मिश्री. म्हाताऱ्या बायांना मिश्री सोड म्हटलं की राग येतो, पण ती तंबाखूच आहे.

बाकीच्या ओळी भराभर. कोलेस्टेरॉल एकूण २०० च्या आत बरं; पण शुगर, बीपी, तंबाखू आणि वय यांच्याबरोबर मिळूनच त्याचा अर्थ लागतो. थायरॉइडचा टीएसएच म्हातारपणी थोडा वर सरकतो, किंचित जास्त आला म्हणून लगेच गोळी लागतेच असं नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलंय पण सांधा कधी सुजला-लालबुंद झाला नाही, तर बहुधा औषधाची गरज नसते. ईएसआर वयानं वाढतोच. बाईसाठी वयात दहा मिळवून निम्मे करा. सत्तरीच्या आजीचा चाळीसपर्यंत चालतो. बी-१२ मात्र विसरू नका. माळकरी घरं, दूधही विकायला जातं, त्यामुळे ते आपल्याकडे कमीच असतं, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं आणखी कमी होतं. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा हे सगळं 'म्हातारपण' म्हणून सोडण्याआधी बी-१२ बघायला सांगा. ते भरून काढता येतं.

तपासणीला कुठे जायचं? आधी गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची शुगर-बीपीची तपासणी तिथे व्हायची असते आणि आशाताई त्याचा फॉर्म भरतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध मोफत आहे. सत्तरीपुढच्या माणसाला २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात भरती होण्यासाठी. रोजच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात येत नाहीत. उपाशीपोटी जायचं असेल तर पाणी प्यायलं चालतं. शुगरची गोळी रक्त देऊन, खाऊन झाल्यावर. बीपीची गोळी मात्र पाण्यासोबत नेहमीच्या वेळी घ्या, नाहीतर तिथे बीपी उगाच वाढलेलं दिसतं. आजीला लवकरच्या गाडीनं न्या आणि सोबत भाकरी बांधून न्या, म्हणजे रक्त दिलं की खाता येईल.

आणि हे सगळं दिवाळीच्या आधी करायचं. दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतात, दिवाळीनंतर गाव रिकामं. लेक-सून कोयत्याला जातात, आजी-आजोबा शाळेतल्या नातवंडांना घेऊन मागे राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत गोळ्या संपतात, आणायला कुणी नसतं, आणि उन्हाळ्यात सून परत येते तेव्हा सासू अंथरुणावर असते. जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा की आम्ही अमुक महिन्यापर्यंत बाहेर आहोत. महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात का, आणि पुढच्या कोण पोचवणार, ते आशाताईंसमोर ठरवा. जे स्वतः तोडणीला जातात आणि ज्यांना बीपी-शुगर आहे, त्यांनी शेवटच्या रिपोर्टचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की तीच गोळी पुढे चालू ठेवता येते.

आमच्या काही गटांनी एक केलंय. महिन्याच्या बैठकीच्या वहीतच शेवटची दोन पानं राखून ठेवली आहेत. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं, कुणाला कोणती गोळी, कधी संपणार, शेवटचा बीपी-शुगरचा आकडा आणि तारीख. गावात राहिलेल्या दोघी-तिघी बैठकीला येताना ती पानं उघडतात. गोळी संपत आलेली दिसली की त्यांतली एक जण बाजाराच्या दिवशी दवाखान्यात चक्कर मारते. वाचता न येणाऱ्या आजोबांसाठी सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढून देतात, नातवंडंच काढतात ते.